जुन्या शिळाछापाच्या पुस्तकाची बांधणी : नौपाड्यातील एका दुकानाविषयी

ठाण्याच्या नौपाड्यात गोखले रोडच्या आतल्या गल्लीत जुनी पुस्तके बांधून देणारे एक छोटे दुकान आहे. घरातले शिळाछापाचे, म्हणजे दगडावरून छापलेले, पुस्तक तेथे दिले, तेव्हा मालकांनी दर सांगण्याआधी पान उलटून मागच्या बाजूवरून बोट फिरवले. कारण खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईत अक्षरांचा दाब अनेकदा हाताला लागतो, शिळाछापात मात्र पान सपाट राहते आणि एकच ‘क’ प्रत्येक ओळीत थोडा निराळा, लेखनिकाच्या वळणाचा दिसतो.

गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत पंचांग छापले ते याच तंत्राने. चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने मजकूर उतरवायचा आणि दगड ओला करायचा, म्हणजे छपाईची शाई फक्त अक्षरांनाच धरते. पुढे खिळ्यांचा जमाना आला. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला आणि त्यांच्यानंतर तो पुत्र तुकाराम जावजींनी सांभाळला. वळणदार देवनागरी खिळे हा या घराण्याचा खरा लौकिक, असे माझे मत आहे.

बांधणीबाबत समाधान आहे. शिलाई हाताने केली असून फाटक्या कडांना खळीने पातळ कागद लावला आहे. पुठ्ठ्याचे कापड मात्र फारच भडक लाल निघाले आणि दरही स्वस्त म्हणता येणार नाही. कडा यंत्रावर छाटू नयेत, हे पुस्तक देतानाच स्पष्ट सांगावे, अन्यथा समासातील जुन्या नोंदी जाण्याची भीती असते.