लिपोफेक्टामाइन आरएनएआयमॅक्स: इन्व्हेजनचे (कर्कपेशींच्या घुसखोरीचे) प्रयोग करणाऱ्यांसाठी

जीन गप्प करायला एसआयआरएनए (त्या जीनचा संदेश-आरएनए नष्ट करवणारा आरएनएचा छोटा तुकडा) वापरायचा, तर तो पेशीत पोचवणारं रिएजंट लागतं; आरएनएआयमॅक्स हे त्यातलंच एक. नवी मुलं ते निवडताना एकच विचारतात, नॉकडाउन किती मिळतं, म्हणजे जीनचं प्रथिन किती कमी होतं? कर्करोगाच्या फैलावावर काम करणाऱ्यांनी आधी विचारावं, पेशी किती जगतात?

माझं काम एमडीए-एमबी-२३१ वर. स्तनाचा कर्करोग झालेल्या एका बाईच्या छातीत साठलेल्या पाण्यातून मिळालेल्या या पेशी, म्हणजे पसरण्याचा गुण अंगातच. त्यांच्या पृष्ठभागावरचं एमटी१-एमएमपी हे प्रथिन कोलॅजन कापून वाट काढतं. ते कमी केलं, की मॅट्रिजेलचा (ऊतीतल्या जाळ्याची नक्कल करणाऱ्या जेलचा) थर भेदून ८ मायक्रॉनच्या छिद्रांपलीकडे कमी पेशी जायला हव्यात. पण आजारी पेशीही पलीकडे जात नाही! आधीच्या एका रिएजंटने नॉकडाउन सुरेख दिलं होतं, पण कंट्रोलच्या वेलमध्येही (कुठल्याच जीनला न लागणारा एसआयआरएनए घातलेल्या, प्लेटमधल्या खळग्यातही) पेशी तरंगायला लागल्या होत्या. त्या आकड्यांचा अर्थ काय लावणार?

आरएनएआयमॅक्समध्ये हाच प्रश्न सुटला. २४ वेलच्या प्लेटला वेलमागे १ मायक्रोलिटर आणि १० नॅनोमोलर एसआयआरएनए एवढ्यावर माझं भागतं. मी रिव्हर्स पद्धतीने करते: मिश्रण आधी वेलमध्ये, पेशी त्यावर. एक दिवस वाचतो. ७२ तासांनी ब्लॉटवर (प्रथिन किती उरलं ते दाखवणाऱ्या चाचणीत) एमटी१-एमएमपीचा बँड जवळजवळ पुसलेला असतो आणि कंट्रोलच्या पेशी नुसत्या माध्यमातल्या पेशींसारख्याच ताठ, चिकटलेल्या दिसतात. फार दाट पेशी मात्र लावू नका. स्वस्त नाही, पण लागतं थोडं. बाटली ४ अंशांवर ठेवायची, गोठवायची नाही.

परिणाम तात्पुरताच. पेशी विभागत गेल्या की एसआयआरएनए विरळ होतो आणि प्रथिन परत येतं. उंदराच्या फुप्फुसात गाठी होतात का हे आठवडेच्या आठवडे पाहायचं असेल, तर लेंटिव्हायरसमधून एसएचआरएनएच (विषाणूमार्फत पेशीच्या डीएनएत बसवलेला, पेशीतच सतत बनत राहणारा तशाच कामाचा आरएनए) घ्यावा.

आणि रिएजंट कितीही चांगलं असो, एकाच एसआयआरएनएवर विसंबू नका. एकाच जीनवरचे दोन वेगवेगळे घ्या, कारण प्रत्येकाचे भलत्या जीनवरचे परिणाम वेगळे असतात. त्यानंतर एसआयआरएनएला न जुमानणारा एमटी१-एमएमपी परत घालून इन्व्हेजन पूर्ववत होतं का, ते बघा. त्यासाठी प्लाझ्मिड (जीन वाहून नेणारं डीएनएचं कडं) लागतं, आणि आरएनएआयमॅक्स बनलंय आरएनएसाठी. प्लाझ्मिड आणि एसआयआरएनए एकत्र घालायचे असतील तर लिपोफेक्टामाइन २००० वेगळं मागवा.