बोलका पर्यवेक्षक की शांत? बढती देण्यापूर्वी

पर्यवेक्षकाच्या जागेसाठी दोन नावे पुढे आली, एक बोलक्या व उत्साही माणसाचे आणि दुसरे शांत व काटेकोर माणसाचे, तर झुकते माप सहसा पहिल्याला मिळते. ही पसंती निराधार नाही. संशोधक टिमथी जज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये पूर्वीच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा नेतृत्वाशी सर्वाधिक सहसंबंध बहिर्मुखतेचा, म्हणजे बोलक्या व उत्साही स्वभावाचा (०.३१) आणि त्याखालोखाल कर्तव्यदक्षतेचा, म्हणजे काटेकोरपणाचा (०.२८) आढळला. (या मोजमापात ० म्हणजे काहीच संबंध नाही आणि १ म्हणजे पूर्ण संबंध.)

मात्र नेता म्हणून कोण पुढे येतो आणि पुढे आल्यावर तो कितपत परिणामकारक ठरतो, हे दोन प्रश्न वेगळे केले की चित्र बदलते. पहिल्या प्रश्नात बहिर्मुखता आणि कर्तव्यदक्षता दोन्ही ०.३३ वर आहेत. दुसऱ्यात बहिर्मुखता ०.२४ वर आणि कर्तव्यदक्षता तर ०.१६ वर येते. याउलट सौहार्द, म्हणजे इतरांना समजून घेऊन जुळवून घेण्याचा स्वभाव, जे पहिल्या प्रश्नात जेमतेम ०.०५ आहे, ते दुसऱ्यात ०.२१ पर्यंत चढते. मला ही नोंद सर्वांत मोलाची वाटते, कारण निवडीच्या वेळी जो गुण कोणाच्या नजरेत भरत नाही, तोच पुढे हाताखालच्या लोकांना रोज अनुभवावा लागतो. यंत्राचा आवाज बदलला आहे, असे कामगार सांगू लागताच एक पर्यवेक्षक वाक्य पुरे होण्याआधीच उपाय सांगून मोकळा होतो. दुसरा कधीपासून, कोणत्या वेगाला, असे विचारून वहीत टिपून घेतो आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून चौकशी करतो.

चमू कसा आहे, यावरही बरेच अवलंबून असते. ॲडम ग्रँट, फ्रान्चेस्का जिनो आणि डेव्हिड हॉफमन या संशोधकांच्या २०११ च्या अभ्यासात पिझ्झा विकणाऱ्या शाखांमध्ये असे दिसले की, कर्मचारी सांगितल्यापुरतेच काम करणारे असतील तर बहिर्मुख प्रमुखाच्या शाखेचा नफा अधिक होता, पण कर्मचारी स्वतःहून सूचना करणारे असतील तर तो कमी होता. म्हणून चमू नवखा किंवा थंडावलेला असेल तर मी बोलक्या उमेदवाराला पसंती देईन, आणि लोक जाणकार व बोलते असतील तर शांत उमेदवाराला. दोघांपैकी कोणाचेही नाव पक्के करण्यापूर्वी त्यांच्या सध्याच्या सहकाऱ्यांना स्वतंत्रपणे एवढे अवश्य विचारावे, की हातून चूक झाली तर ती सांगायला या माणसाकडे जाताना तुमचे पाय अडखळतात का?