'तुमची ऑर्डर रद्द झाली आहे': देवरुखच्या पत्त्यावर नऊ महिने औषधं मागवून

आईबाबा कोकणात देवरुखला, मी डोंबिवलीत. तीन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगाचा झटका आला, त्यानंतर एकदा फिट आली. तेव्हापासून फिटची गोळी, लेव्हेटिरासिटॅम ५००, सकाळ-संध्याकाळ, जोडीला रक्त पातळ ठेवणारी, कोलेस्टेरॉलची आणि बीपीची गोळी. आईला थायरॉईड आणि शुगर, रात्री इन्सुलिन. दोघांचं मिळून महिन्याला साडेचार हजारांच्या आसपास जातात. पूर्वी मी इथल्या मेडिकलमधून दोन-तीन महिन्यांचं एकदम घ्यायचो आणि गावी जाणारा कुणी सापडला की त्याच्या पिशवीत टाकायचो. एप्रिलमध्ये ऑफिसातल्या एकाने औषधं मागवायचं हे ॲप दाखवलं. अठरा टक्के सूट, घरपोच. गावचा पिनकोड टाकला तर हिरव्या अक्षरांत 'येथे सेवा उपलब्ध आहे'. म्हटलं, सुटलो एकदाचा.

नऊ महिन्यांत तेरा ऑर्डरी झाल्या. सहा वेळेवर आणि पूर्ण आल्या, तीन उशिरा, दोन अर्धवट, दोन रद्द. दहावीला पस्तीस टक्क्यांना पास करतात, त्या हिशेबाने ॲप पास आहे. पण फिटच्या गोळीला एटीकेटी नसते.

आधी इन्सुलिनचं सांगतो, कारण ते पहिल्याच महिन्यात घडलं. मे महिना, कोकणातला उकाडा. पेनं थर्माकोलच्या डब्यात आली, पण सांगितल्यापेक्षा दोन दिवस उशिरा. आईने व्हिडिओ कॉल लावून डबा माझ्यासमोर उघडला. आत बर्फाच्या जेलची दोन पाकिटं, दुधाच्या पिशवीसारखी लिबलिबीत. तिने पेन गालाला लावून बघितलं आणि म्हणाली, "कोमट लागतंय रे." न उघडलेलं इन्सुलिन दोन ते आठ डिग्रीत ठेवायचं असतं. वापरायला काढलेलं पेन बाहेर साधारण चार आठवडे चालतं, पण तेही फार उकाड्यात नाही. हे प्रवासात किती तापलं होतं, ते कळायला काहीच मार्ग नव्हता. आई म्हणे, पाण्यासारखं स्वच्छ दिसतंय, नासलेलं नाही वाटत. पण खराब झालेलं इन्सुलिनही स्वच्छ दिसू शकतं, ते दूध थोडंच आहे. कस्टमर केअरचं उत्तर आलं की 'कोल्ड चेन पाळण्यात आली आहे' आणि फ्रिजमधली औषधं परत घेतली जात नाहीत. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, धोका पत्करू नका. गावातून नवीन घेतली. ती अठरा टक्के सूट त्या एका डब्यात बुडाली.

तरी मी ॲप सोडलं नाही. फक्त इन्सुलिन त्यातून काढलं आणि गोळ्या चालू ठेवल्या. चूक माझी.

जूनमध्ये पहिली ऑर्डर रद्द झाली. रत्नागिरीच्या न्यूरोवाल्या डॉक्टरांनी बाबांच्या कागदावर लिहिलं होतं, 'सीएसटी, तीन महिने'. म्हणजे आहे तेच औषध पुढे चालू. ज्यांच्या घरात असा पेशंट आहे त्यांना हा मंत्र पाठ असतो. सोमवारी मी तो कागद अपलोड केला. मंगळवारी 'प्रिस्क्रिप्शनची तपासणी सुरू', बुधवारी 'पॅकिंग सुरू', गुरुवारी काहीच नाही. शुक्रवारी रात्री पावणेनऊला मेसेज: वैध प्रिस्क्रिप्शन नसल्यामुळे तुमची ऑर्डर रद्द झाली आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व. बाबांच्या पट्टीत रात्रीची गोळी घेऊन पाच उरल्या होत्या. शनिवारी दोन, रविवारी दोन, सोमवारी सकाळी एक. मी शनिवारी सकाळी खालच्या मेडिकलमधून एमआरपीला तीन पट्ट्या घेतल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि रात्री ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हातात दोनशे रुपये ठेवून पाठवल्या. पहाटे साडेपाचला बाबांचे मित्र स्टॅंडवर जाऊन उभे राहिले. घरपोच सेवेचा हा असा अर्थ.

माझा मावसभाऊ डी. फार्म. आहे, म्हणजे फार्मासिस्ट, त्याच्याजवळ मी ॲपला भरपूर शिव्या घातल्या. तो हसला आणि म्हणाला, दादा, कायद्याने ॲप बरोबर आहे, चुकतो तो तुझा गल्लीतला मेडिकलवाला. १९४५च्या औषध नियमांत नियम ६५ आहे. त्यात चिठ्ठीवर सही, तारीख, पेशंटचं नाव-पत्ता, औषधाचं एकूण प्रमाण आणि डोस असायला हवा. 'सीएसटी' हा डोस नव्हे. आणि एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचं, पुन्हा द्यायला डॉक्टरांनी तसं लिहिलेलं पाहिजे. शेड्यूल एचच्या, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या, औषधात एका कंपनीच्या जागी दुसऱ्या कंपनीचं देणंही दुकानदाराच्या हातात नाही, आतला घटक तोच असला तरी. आपण वर्षानुवर्षं त्याच चुरगळलेल्या कागदावर किंवा नुसती रिकामी पट्टी दाखवून औषधं आणतो, ते सगळं ओळखीवर चाललेलं असतं.

हे मला खरंच माहीत नव्हतं, आणि कळल्यावर माझा निम्मा राग उतरला. उरलेला निम्मा मात्र अजून आहे. कागद चालणार नव्हता तर ते सोमवारी दुपारी सांगायला काय झालं होतं? कागद तोच, नियमही तोच. सोमवारी 'नाही' म्हटलं असतं तर मी मंगळवारी डॉक्टरांकडून व्हॉट्सॲपवर नीट लिहिलेली चिठ्ठी मागवली असती. चार दिवस 'तपासणी सुरू', 'पॅकिंग सुरू' दाखवून कोण नेमकं काय पॅक करत होतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

उशिराच्या तीन ऑर्डरींपैकी दोन जुलैतल्या. पावसाचं मी बोलत नाही. घाटात दरड आली तर बिचारं ॲप काय करणार. पण रत्नागिरीला अडकलेलं पार्सल रोज सकाळी 'आज पोहोचेल' दाखवायचं आणि रात्री बाराला तेच वाक्य उद्यावर सरकायचं. आई बिचारी त्या 'आज'वर विश्वास ठेवून दुपारची झोप टाळायची, कुरिअरवाला हाक मारून निघून गेला तर?

अर्धवट ऑर्डरींचा त्रास वेगळाच. मेसेजमध्ये 'एक वस्तू उपलब्ध नव्हती, रक्कम वॉलेटमध्ये जमा' एवढंच. कुठली वस्तू, ते बिल उघडून शोधायचं. एकदा ती रक्त पातळ ठेवणारी गोळी होती. आईने रविवारी सात खणांच्या डबीत गोळ्या भरायला घेतल्या तेव्हा लक्षात आलं. ती म्हणाली, "एक रंग कमी दिसतोय." ॲपपेक्षा आईची स्टॉक-तपासणी चोख.

आता दुसरं रद्द प्रकरण, गणपतीनंतरचं. चिठ्ठी या वेळी स्वच्छ होती, पण तारीख जुनी म्हणून ॲपने सांगितलं की आमचे डॉक्टर पेशंटशी फोनवर मोफत बोलतील आणि नवीन चिठ्ठी देतील. फोनवर डॉक्टरांनी औषध लिहून देणं काही अटींवर चालतं, मार्च २०२०च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांपासून त्याला रीतसर मान्यता आहे. काही झोपेच्या आणि नशेच्या यादीतल्या गोळ्या मात्र तशा लिहिता येत नाहीत. म्हणून मी पेशंटचा नंबर म्हणून बाबांचा नंबर दिला. बाबांना ऐकू कमी येतं आणि अनोळखी नंबरवरून हिंदी बोलणारा माणूस म्हणजे बँकेचा चोर, हे मीच त्यांच्या डोक्यात भरवलेलं. डॉक्टरांनी विचारलं, क्या तकलीफ है? बाबा म्हणाले, "मला काहीही झालेलं नाही. मी ठणठणीत आहे." आणि फोन ठेवला.

ऑर्डर रद्द. कारण: रुग्णाने तक्रार नसल्याचे सांगितले.

हसावं की रडावं कळेना. आई मात्र एक तास हसत होती. मी कस्टमर केअरला म्हटलं, अहो, दोन मिनिटं मला लावला असता फोन. उत्तर: सर, प्रक्रियेनुसार पेशंटशीच बोलावं लागतं. बरं, त्यांची प्रक्रिया म्हणून मान्य. पण खात्यावर माझा नंबर होता, एक मेसेज तरी? आणि हा निरोपही फोन झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला.

त्या वेळी आई गावातल्या मेडिकलवाल्या काकांकडे गेली. इन्सुलिन सोडलं तर पाच महिने आमच्या घरातलं कुणी मोठ्या औषधांसाठी तिकडे फिरकलं नव्हतं, फक्त बाम आणि खोकल्याची बाटली. ऑनलाइन औषधांच्या विरोधात २८ सप्टेंबर २०१८ला देशभर मेडिकलवाल्यांनी बंद पाळला होता, तेव्हा काकांचंही शटर खाली होतं. आई संकोचली होती. काकांनी कागद बघितला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "वहिनी, हे आज नाही माझ्याकडे. रत्नागिरीला फोन करतो, उद्या दुपारच्या गाडीने येईल. किती उरल्यात?" सहा, आई म्हणाली. "मग पुरतील." संपलं. नकार, कारण, वेळ आणि उरलेल्या गोळ्यांची चौकशी, सगळं अर्ध्या मिनिटात. दुसऱ्या दिवशी साडेतीनला गोळ्या आल्या. पाच टक्के सूट दिली, तीही न मागता.

ॲपचं चांगलं ते लिहायला हवं. किमती खरंच कमी आहेत. आलेला माल कधी जुना नव्हता, एक्सपायरी नेहमी वर्षापेक्षा लांबची. सगळी बिलं एका जागी राहतात, ऑफिसात मेडिकलचे पैसे मागताना ते फार सोपं जातं. आणि माझ्या डोंबिवलीच्या पत्त्यावर हेच ॲप दुसऱ्या दिवशी दारात असतं. शहरात राहत असाल आणि रोजच्या ठरलेल्या गोळ्या असतील तर तुमचा अनुभव माझ्याहून बराच बरा असेल. घाटाखाली मात्र 'सेवा उपलब्ध' याचा अर्थ एवढाच की कुरिअर कधीतरी येतं.

सध्याची आमची व्यवस्था अशी: बाबांच्या फिटच्या आणि रक्ताच्या गोळ्या आणि आईचं इन्सुलिन काकांकडून, पंधरा दिवसांचा साठा कायम जास्तीचा. आईच्या थायरॉईडची बाटली एकदम १२० गोळ्यांची येते, ती चुकली तरी घाई नसते, म्हणून ती आणि बीपीची गोळी ॲपवरून. डॉक्टरांना आता मी दर वेळी सांगतो की सीएसटी लिहू नका, सगळी नावं, डोस आणि किती दिवसांचं ते लिहा. ते कपाळाला आठ्या घालतात, पण लिहितात. ॲपवर पेशंटचा नंबर म्हणून आता आईचा नंबर आहे.

वॉलेटमध्ये अजून ६१२ रुपये अडकलेत, मार्चअखेर ते बाद होतात. त्या पैशांत ग्लुकोमीटरच्या पट्ट्या मागवणार आहे, डोंबिवलीच्या पत्त्यावर. पुढच्या शनिवारी शेजारचे गावी चाललेत, त्यांच्या पिशवीत टाकीन.