पोस्ट ऑफिस होरायझन इन्क्वायरी: राजाच्या देशातली चौकशी, फुकट, यूट्यूबवर (साडेतीन स्टार)

सरकारी चौकशीला कसले स्टार द्यायचे असं कुणीही म्हणेल. पण लोकांच्या पैशाने चालते, लोकांसाठी चालते आणि वर्षानुवर्षं चालते, मग हॉटेलचा रिव्ह्यू होतो तर हिचा का नको. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगवाला माणूस, इंग्लंडात राहतो, आणि या इन्क्वायरीच्या रेकॉर्डिंग बघायचा नाद मला इतका लागला की घरचे म्हणायला लागले आता सीरियल पुरे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. इथला सब-पोस्टमास्टर म्हणजे आपल्याकडचा सरकारी नोकर नाही, तो गावातलं किराणा-पेपरचं दुकान चालवतो आणि त्याच दुकानात पोस्टाचं काउंटर. १९९९ पासून या काउंटरवर फुजित्सू या जपानी कॉम्प्युटर कंपनीची होरायझन नावाची सिस्टीम आली आणि तिच्या चुकांमुळे हिशोबात पैसे कमी दिसायला लागले. करारात लिहिलेलं की तूट आली की भरायची तुम्ही. लोकांनी घरं गहाण टाकून भरली, आणि ज्यांना जमलं नाही त्यांच्यावर चोरीच्या आणि खोट्या हिशोबाच्या केसेस. ९०० च्या वर लोक दोषी ठरले. यात भारतीय वंशाचे दुकानदार बरेच. सरेमधल्या वेस्ट बायफ्लीटच्या सीमा मिश्रांना २०१० च्या नोव्हेंबरमध्ये १५ महिन्यांची शिक्षा झाली तेव्हा त्या आठ आठवड्यांच्या गरोदर होत्या आणि त्या दिवशी थोरल्या मुलाचा दहावा वाढदिवस होता. आणि गंमत अशी, गंमत कसली म्हणा, की केस लावणारं पोस्ट ऑफिसच, तपास करणारं तेच, पैसे गेले म्हणून रडणारंही तेच, पण खटल्याचं नाव मात्र राणी विरुद्ध अमुक. राजेशाहीत खटले असेच राणीच्या नाहीतर राजाच्या नावाने चालतात, दाखल कुणी का करेना.

आता सेवेबद्दल. राजा असला तरी इन्क्वायरी राजा नेमत नाही, मंत्री नेमतो. २००५ चा इन्क्वायरीज ॲक्ट आहे, त्याच्या आधी १९२१ चा कायदा होता. मंत्री अध्यक्ष निवडतो, कशाची चौकशी करायची ते ठरवतो, आणि हे वाचून मी चाट पडलो, मधेच इन्क्वायरी बंद करायचा अधिकारही मंत्र्याकडेच. संसदेत कारण सांगावं लागतं एवढंच. आपल्याला हे काही नवीन नाही, श्रीकृष्ण आयोग १९९६ च्या जानेवारीत राज्य सरकारने गुंडाळलाच होता आणि काही महिन्यांत परत सुरू करावा लागला. तो १९५२ च्या आपल्या कायद्याखाली, हा इथला २००५ चा, पण कुलूप-किल्ली दोन्हीकडे सरकारच्याच हातात.

होरायझनच्या बाबतीत तर सुरुवातच रडतखडत. २०२० मध्ये सरकारने जी चौकशी जाहीर केली तिला कायद्याचा आधारच नव्हता, म्हणजे कुणाला बोलवायचं तर विनंती करायची, आला तर आला. पीडित सब-पोस्टमास्टर ॲलन बेट्स आणि त्यांच्या संघटनेने सरळ सांगितलं की आम्ही असल्या चौकशीत भाग घेणार नाही. २०२१ च्या जूनमध्ये मग तिला २००५ च्या कायद्याखाली आणलं. बेट्स म्हणजे वेल्समधल्या लँडिडनोचे, ज्यांनी ५५५ जणांना घेऊन पोस्ट ऑफिसला कोर्टात खेचलं आणि २०१९ मध्ये न्यायाधीशांकडून लिहून घेतलं की सिस्टीममध्ये बग होते. त्या केसची तडजोड पावणेसहा कोटी पाउंडाला झाली पण वकिलांचे आणि केसला पैसा पुरवणाऱ्यांचे जाऊन माणशी साधारण २० हजार हातात. असो, तो वेगळा संताप आहे.

कायद्याखाली आल्यावर फरक काय पडतो? कलम २१. अध्यक्ष नोटीस काढून कुणालाही बोलवू शकतात, कागद मागवू शकतात, आणि विनाकारण टाळलं तर तो गुन्हा. अध्यक्ष सर वुइन विल्यम्स, निवृत्त न्यायाधीश, वेल्सचे, आजोबांसारखे शांत बोलतात त्यामुळे आधी वाटतं हे काय कुणाला धाकात ठेवणार. पण २०२३ मध्ये पोस्ट ऑफिस कागदपत्रं उशिरा उशिरा द्यायला लागलं, इतकं की फुजित्सूच्या गॅरेथ जेन्किन्स यांची ठरलेली साक्ष ऐन वेळी पुढे ढकलावी लागली, तेव्हा आजोबांनी त्याच आवाजात सांगितलं की यापुढे प्रत्येक मागणी कलम २१ ची नोटीस म्हणून येईल. बघण्यासारखा प्रसंग.

कामाची पद्धत मला जाम आवडली. साक्षीदाराला आधी लेखी प्रश्न जातात, त्याने लेखी जबाब द्यायचा, मग तो समोर बसतो, शपथ घेतो आणि इन्क्वायरीचा स्वतःचा वकील प्रश्न विचारतो. मुख्य वकील जेसन बीअर. या माणसासाठी मी वेगळे पाच स्टार द्यायला तयार आहे. आवाज चढवत नाही, टेबल आपटत नाही, फक्त म्हणतो तो कागद स्क्रीनवर आणा, पान अमुक, खालचा परिच्छेद, आणि समोरच्याचा बारा वर्षांपूर्वीचा ईमेल भिंतीएवढा दिसायला लागतो. मग विचारतो, हे तुम्हीच लिहिलंय ना? बस. त्यानंतर पीडितांच्या वकिलांना परवानगीने प्रश्न विचारता येतात, ते जरा जास्त तिखट असतात. ज्यांच्यावर फौजदारी कारवाई होऊ शकते अशा साक्षीदारांना अध्यक्ष आधीच बजावतात की स्वतःला गोत्यात आणणारं उत्तर नाकारायचा तुम्हाला हक्क आहे, आणि हे इतक्या आपुलकीने सांगतात की समोरच्याला आणखी घाम फुटत असावा.

आम्हा आयटीवाल्यांसाठी तर हा खजिना आहे. फुजित्सूची बगची तिकिटं, त्यांच्या आतल्या माहीत असलेल्या चुकांच्या नोंदी, कोण कुणाला काय म्हणालं, सगळं साइटवर. बग होते, आतल्या लोकांना माहीत होते, फुजित्सूमधून दुकानदाराच्या नकळत त्याच्या हिशोबात बाहेरून हात घालता येत होता, आणि इकडे हेल्पलाइनला फोन केला की उत्तर काय, तर असा प्रॉब्लेम फक्त तुम्हालाच येतोय. हे वाक्य साक्षीदारांमागून साक्षीदार येऊन सांगतात, वेगवेगळ्या गावांतले, एकमेकांना न ओळखणारे. ज्याने कधी सपोर्टचं तिकीट 'युजर एरर' लिहून बंद केलंय त्याने हे बघावंच.

पॉला व्हेनेल्स, म्हणजे पोस्ट ऑफिसच्या माजी सीईओ, त्यांची साक्ष २२ ते २४ मे २०२४. तीन दिवस, रडल्या, आठवत नाही म्हणाल्या, माफी मागितली. त्यांना २०१९ मध्ये सीबीई हा किताब मिळालेला, पोस्ट ऑफिसच्या सेवेसाठीच बरं का, तो २०२४ च्या फेब्रुवारीत राजाने औपचारिकपणे काढून घेतला. आणि साक्षीच्या पहिल्याच दिवशी सुनक यांनी निवडणूक जाहीर केली, संसद आटोपती घ्यायची घाई, त्या घाईत तिसऱ्या दिवशी राजाची मंजुरी मिळून तो कायदा झाला ज्याने होरायझनमुळे दोषी ठरलेल्या शेकडो लोकांच्या शिक्षा एका फटक्यात रद्द झाल्या. स्कॉटलंडने स्वतःचा वेगळा कायदा केला. म्हणजे लंडनमध्ये ऑल्डविचला जिथे इन्क्वायरी बसायची त्या हॉलमध्ये व्हेनेल्स उत्तरं देतायत आणि त्याच दिवशी, तिथून फार लांब नाही, वेस्टमिन्स्टरमध्ये राजाच्या नावाने त्या शिक्षा पुसल्या जातायत.

आता दीड स्टार का कापला.

एक तर ही सेवा शिक्षा देत नाही. कलम २ मध्येच लिहिलंय की इन्क्वायरीला दिवाणी किंवा फौजदारी दोष ठरवायचा अधिकार नाही. सत्य शोधायचं, शिफारशी करायच्या, संपलं. ज्यांच्यावर अहवालात टीका होणार त्यांना आधी नोटीस देऊन उत्तर द्यायची संधी द्यावी लागते, ते न्यायाला धरून आहे पण अहवाल त्यामुळे लांबतो. पोलिसांचा तपास वेगळा चाललाय आणि तेही म्हणतात आधी इन्क्वायरीचा अहवाल येऊ दे. अहवालाचा पहिला खंड आला ८ जुलै २०२५ ला, त्यात माणसांचे काय हाल झाले आणि भरपाई कशी रखडली ते आहे. किमान १३ जणांनी या प्रकरणापायी आत्महत्या केली असावी असं त्यात आहे. दोषाचं माप कुणाच्या पदरात किती, ते पुढच्या खंडाकडे ढकललेलं.

दुसरं, शिफारशी बंधनकारक नाहीत. सरकार स्वीकारतो म्हणतं आणि पुढे काय झालं हे बघणारं नीट कुणी नाही, हे २०२४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीनेच लिहिलंय. आणि वेळेचं तर विचारूच नका, इराक युद्धावरची चिलकॉट चौकशी सात वर्षं चालली आणि तीही या कायद्याखाली नव्हतीच. ब्लडी संडेची, म्हणजे १९७२ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये सैनिकांनी केलेल्या गोळीबाराची, तर १२ वर्षं आणि १९ कोटी पाउंडांच्या वर.

तिसरं म्हणजे चौकशी कुणाची आणि नेमणारा कोण. कोविडच्या इन्क्वायरीत काय झालं आठवा, बोरिस जॉन्सन यांच्या सरकारने जाहीर केलेली चौकशी, तिच्या अध्यक्ष बॅरोनेस हॅलेट यांनी जॉन्सनचेच व्हॉट्सॲप मेसेज मागितले तर सरकारचं कॅबिनेट ऑफिस त्यांच्याविरुद्ध कोर्टात गेलं. २०२३ च्या जुलैमध्ये हरलं. स्वतः नेमलेल्या चौकशीला स्वतःच कोर्टात खेचायचं.

ऑस्ट्रेलियाचं रोबोडेट बघा म्हणजे फरक कळेल. तिथे अजून रॉयल कमिशन म्हणतात आणि फर्मान राजाच्या नाहीतर राणीच्या नावाने गव्हर्नर-जनरल काढतात. तिथेही भानगड कॉम्प्युटरचीच. गरिबांना मिळणाऱ्या सरकारी मदतीत तुम्ही जास्त पैसे घेतले असं वर्षाच्या उत्पन्नाची सरासरी काढून सिस्टीमने ठरवायचं आणि वसुलीची नोटीस पाठवायची. कमिशन २०२२ च्या ऑगस्टमध्ये एलिझाबेथ राणीच्या नावाने नेमलं, राणी महिन्याभरात गेली, आणि २०२३ च्या जुलैमध्ये कमिशनर कॅथरीन होम्स यांचा अहवाल हजर. वर्षही नाही! कुणाकुणावर कारवाई व्हावी ते एका सीलबंद प्रकरणात. पण इतका वेग का, तर योजना आधीच्या पक्षाच्या सरकारची आणि कमिशन नेमणारं सरकार विरोधकांचं. होरायझनच्या काळात लेबर, काँझर्वेटिव्ह, लिबरल डेमोक्रॅट, तिन्ही पक्षांचे मंत्री त्या खात्यात होऊन गेले, त्यामुळे घाई कुणालाच नव्हती असं माझं मत.

आणि कॅनडा. १९८५ मध्ये मॉन्ट्रियलहून लंडन-दिल्लीमार्गे मुंबईला येणारं एअर इंडियाचं विमान आयर्लंडजवळ बॉम्बने उडालं, ३२९ माणसं गेली, आणि तिथल्या सरकारने चौकशी आयोग नेमला २००६ मध्ये. अहवाल २०१० ला. त्या मानाने होरायझनवाले सुपरफास्टच म्हणायचे.

तरी साडेतीन का? कारण हे सगळं उघड्यावर झालं. जवळजवळ ३०० साक्षीदार, कुणीही घरबसल्या बघावं, साक्षीचा शब्द न् शब्द छापील स्वरूपात साइटवर, लेखी जबाब आणि पुरावेही तिथेच, लॉगिन नाही, फी नाही. कितीतरी अहवाल आपण फक्त पेपरातल्या बातमीपुरते ओळखतो, इथे कच्चा माल हातात मिळतो. आणि ज्या बाईला वीस वर्षं गावात चोर म्हटलं तिला माइकसमोर बसवून अध्यक्ष मधे न बोलता ऐकतात, याची किंमत मला स्टारमध्ये मोजता येत नाही.

कुणाला बघायचं असेल तर सरळ व्हेनेल्सवर उडी मारू नका, सगळे तेच करतात. आधी २०२२ च्या फेब्रुवारीपासूनच्या पीडितांच्या साक्षी बघा, लंडन, कार्डिफ, ग्लासगो, बेलफास्ट अशा ठिकाणी घेतलेल्या. त्यातल्या चार-पाच पुरे, एका बैठकीत जास्त झेपत नाहीत. मग फुजित्सूचे इंजिनियर, मग तपास करणारे अधिकारी (हे सगळ्यात चीड आणणारे, रात्री बघू नका), आणि मग व्हेनेल्स. वेळ नसेल तर व्हिडिओ सोडा, छापील साक्ष वाचा, तासाभराचं वीस मिनिटांत होतं, फक्त बीअर साहेबांचे पॉज हुकतात.