एजन्सी की प्रॉडक्ट कंपनी? माझा कौल एका बटणाने लावला

दोन ऑफर हातात आहेत, एक एजन्सीची (दुसऱ्यांसाठी डिझाइन करून देणारी) आणि एक प्रॉडक्ट कंपनीची (स्वतःचंच अ‍ॅप बनवणारी), कुठली घेऊ? यूआय-यूएक्स, म्हणजे अ‍ॅपच्या स्क्रीन कशा दिसाव्यात आणि कशा चालाव्यात ते, शिकून बाहेर पडलेल्या पोरांचे असे फोन मला अधूनमधून येतात. मी एजन्सीत चार वर्षं काढली. आता दुकानदारांसाठी बिलिंगचं अ‍ॅप बनवणाऱ्या एका प्रॉडक्ट कंपनीत तिसरं वर्ष चालू आहे. पगाराचं बोलत नाही, तो ज्याच्या त्याच्या नशिबाचा. टूलचंही नाही, स्क्रीन काढायचं फिग्मा दोन्हीकडे तेच.

एजन्सीत हात लवकर बसतो, हे आधीच कबूल करतो. सकाळी विमा, दुपारी हॉटेल बुकिंग, संध्याकाळी कोणाच्या तरी पिच डेकला, म्हणजे काम मिळवायच्या सादरीकरणाला, हातभार. पहिल्याच वर्षात सात-आठ वेगवेगळ्या धंद्यांचे फ्लो (एका स्क्रीनमागून दुसरी कशी येते तो क्रम) माझ्या हाताखालून गेले. क्लायंटसमोर बोलायची भीती मोडली. ‘जरा पॉप होऊ दे’ म्हणजे साहेबांना नेमकं काय हवंय, ते चेहऱ्यावरून कळायला लागलं. (बहुतेक वेळा लोगो मोठा हवा असतो.) पोर्टफोलिओही भरतो, एनडीएतून, म्हणजे गुप्ततेच्या करारातून, जेवढं सुटेल तेवढा.

प्रॉडक्टमध्ये मी बिलाची एकच स्क्रीन आठ महिने घोटत होतो. लोकांना वाटतं डिझायनर दिवसभर रंग आणि आयकॉन लावत बसतो. माझी स्क्रीन काढण्याची वेळ दिवसाला दोन तास, फार तर अडीच. उरलेला दिवस पीएमला (प्रॉडक्ट मॅनेजरला) समजावण्यात, ‘या स्प्रिंटमध्ये (कामाच्या एक-दोन आठवड्यांच्या टप्प्यात) बसत नाही’ म्हणणाऱ्या डेव्हलपरशी तडजोड करण्यात, एरर मेसेजचे शब्द ठरवण्यात आणि नेट गेलं तर काय दिसेल यावर वाद घालण्यात जातो. कंटाळा येतो, खोटं कशाला सांगू.

तरी इकडे टिकलो, त्याचं कारण एक बटण.

एजन्सीत असताना आम्ही एका बँकेचं अ‍ॅप केलं होतं. सगळ्या स्क्रीन इंग्रजीत मंजूर झाल्या. मराठी मजकूर शेवटच्या आठवड्यात एक्सेलमधून आला आणि तसाच ओतला गेला. बटणाची आणि ओळीची उंची इंग्रजी ‘Next’च्या मापाने बांधलेली. ‘Next’ला वर मात्रा नाही, खाली उकार नाही. ‘पुढे’ला दोन्ही. वरची मात्रा कशीबशी वाचली, खालचा उकार कापला गेला. अ‍ॅप लाइव्ह गेल्यावर काही महिन्यांनी मामांनी फोन माझ्यापुढे धरला. “काय रे, ही बँक मला या वयात शिकायला बसवतेय का?” बटणावर लिहिलं होतं, ‘पढे जा’.

चूक माझीच होती. खरा मराठी मजकूर घालून मी स्क्रीन बघायला हव्या होत्या. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगितलं, तर उत्तर आलं की प्रोजेक्ट बंद झालाय, फाइल सुपूर्द केल्यात, आता बदल करायचा तर सीआर (चेंज रिक्वेस्ट, म्हणजे बदलाची वेगळी मागणी) काढावा लागेल आणि त्याचे पैसे कोण देणार? ओळीची उंची वाढवायची, पाच मिनिटांचं काम. आपली चूक डोळ्यांसमोर आहे आणि तिला हात लावता येत नाही, याचा मला जो त्रास झाला, तो कदाचित तुम्हाला होणारही नाही. मला झाला.

इकडे मी महिन्यातून एकदा किराणा दुकानात जाऊन उभा राहतो. ‘रोख’ आणि ‘उधार’ ही आमची बटणं शेजारीशेजारी होती, प्रत्येक 48 डीपी (अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप) उंच, म्हणजे अँड्रॉइडच्या शिफारशीप्रमाणे साधारण 9 मिलीमीटर. माप चोख. पण दुकानदाराच्या उजव्या हातात डाळीचं माप, फोन गल्ल्यावर आडवा, स्क्रीनगार्डला तडा आणि नजर गिऱ्हाइकाकडे. डाव्या अंगठ्याने ‘उधार’ दाबायला गेला, ‘रोख’ दबलं. पाच जणांवर चाचणी केली तरी बहुतेक अडचणी सापडतात, असं वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी 2000 साली लिहिलं होतं. आम्हाला तिसऱ्याच दुकानात सापडली. पुढच्या स्प्रिंटमध्ये बटणं एकमेकांपासून लांब केली. मी परत गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला, “काही बदललंय का यात? मला तर तसंच दिसतंय.” त्या दिवशी मी खुशीत घरी आलो.

सगळ्या एजन्सी सारख्या नसतात. काही जणी वर्षभराच्या देखभालीचा करार करतात. आणि अशाही प्रॉडक्ट कंपन्या आहेत जिथे डिझायनरला वापरणारा माणूस कधी दिसत नाही. अगदी नवखे असाल तर दोन वर्षं एजन्सीत काढायला माझी हरकत नाही. त्यानंतर मात्र मी तरी इकडेच आलो असतो.

मुलाखतीत एकच विचारा: लाइव्ह गेल्यावर डिझायनरला सापडलेली शेवटची चूक कोणती, आणि ती सुधारायला किती दिवस लागले? समोरचे एकमेकांकडे बघायला लागले, तर ऑफर लेटरवर सही करायला एक दिवस मागून घ्या.