मदरबोर्डच्या नावाखाली गेलेली एसएसडी

ठाणे स्टेशनजवळच्या एका लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात माझ्या लॅपटॉपची चांगली एसएसडी (सगळ्या फाइल आणि विंडोज जिच्यात साठते ती डिस्क) काढून घेऊन तिच्या जागी जुनी, वापरून झिजलेली एसएसडी बसवण्यात आली आणि वर मदरबोर्डच्या (आतल्या मुख्य सर्किट बोर्डाच्या) कामाचे म्हणून ११,५०० रुपये घेण्यात आले. तक्रार अजून निकाली निघालेली नसल्यामुळे दुकानाचे नाव येथे देत नाही. परंतु ज्या पद्धतीने हे केले गेले ती पद्धत कोणत्याही गावात, कोणत्याही दुकानात सहज चालण्यासारखी आहे, म्हणून ती तपशीलवार सांगतो.

लॅपटॉपची एक वर्षाची वॉरंटी नुकतीच संपली होती. काम करता करता पडदा निळा होई, 'मेमरी मॅनेजमेंट' असा स्टॉप कोड (मशीन का थांबले ते सांगणारा संकेत) दिसे आणि मशीन आपोआप रीस्टार्ट होई. ब्राउझरमध्ये बरेच टॅब उघडे असले किंवा एक्सेलची मोठी फाइल उघडली की हे हमखास घडत असे. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे मशीनमधल्या घडामोडींच्या नोंदवहीत, प्रत्येक वेळी 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद सापडे. ही नोंद पाहून अनेक जण बॅटरी किंवा चार्जर गेला असा निष्कर्ष काढतात. प्रत्यक्षात मशीन रीतसर शटडाउन न होता बंद पडले एवढेच ती सांगते, का पडले ते सांगत नाही. म्हणून विंडोज मेमरी डायग्नोस्टिक ही रॅम (चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी) तपासणारी चाचणी चालवली, तेव्हा हार्डवेअरमध्ये दोष असल्याचा संदेश आला. शंका राहू नये म्हणून क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅमने एसएसडीही तपासली. तिची प्रकृती ९७ टक्के होती आणि ती एकूण २,६०० तासांच्या आसपास चाललेली होती. त्या पडद्याचा स्क्रीनशॉट मी ईमेलवर पाठवून ठेवला. त्यात एसएसडीचे मॉडेल आणि सिरीयल नंबर दोन्ही होते, आणि पुढे सगळी भिस्त त्यावरच राहिली.

हे सगळे रॅमकडे बोट दाखवणारे होते, आणि तसे मी दुकानदाराला सांगितलेही. त्याने चाचणीचा फोटो धड पाहिलासुद्धा नाही. "साहेब, त्या सॉफ्टवेअरच्या टेस्टवर जाऊ नका, बोर्ड गेलाय, पॉवर आयसी शॉर्ट आहे, चिप-लेव्हल काम निघेल," असे तो मशीन न उघडताच म्हणाला. चिप-लेव्हल, म्हणजे बोर्डवरची आयसी (छोटी चिप) बदलण्याचे काम, हा शब्द ग्राहकाला गप्प बसवायला फार उपयोगी पडतो, कारण बोर्डवरची आयसी खरोखर बदलली की नाही हे सामान्य माणसाला पाहता येत नाही. पोचपावती म्हणून एक चिठ्ठी मिळाली. तिच्यावर 'लॅपटॉप, ऑन-ऑफ प्रॉब्लेम' एवढेच लिहिलेले होते. रॅम किती, एसएसडी कोणती, सिरीयल नंबर काय, यातले काही नाही. "टेस्टिंगला लागतो" म्हणून विंडोजचा पासवर्ड मात्र आठवणीने लिहून घेतला गेला.

लॅपटॉप परत मिळाला तेव्हा तो व्यवस्थित चालत होता. फाइल, फोटो, डेस्कटॉपचे वॉलपेपरसुद्धा जसेच्या तसे होते, त्यामुळे आत काही बदलले असेल असा संशय येण्याचे कारणच नव्हते. बिल मागितल्यावर "बिलाने १८ टक्के वाढतील" असे उत्तर आले, आणि पैसे दुकानाच्या नव्हे तर मालकाच्या वैयक्तिक खात्यावर यूपीआयने घेतले गेले.

काही आठवड्यांतच मशीन सुरू व्हायला विलक्षण वेळ लागू लागला आणि निळा पडदा परत आला, पण या वेळी स्टॉप कोड 'क्रिटिकल प्रोसेस डाइड' असा वेगळाच होता. एसएसडी पुन्हा तपासली, तर मॉडेल भलतेच, सिरीयल नंबर निराळा, प्रकृती ४१ टक्के आणि चाललेले तास १९,००० हून अधिक. एका वर्षाचे तास ८,७६० होतात. माझा लॅपटॉप विकत घेतल्यापासून अहोरात्र चालू ठेवला असता तरी हा आकडा गाठता आला नसता. पूर्वी सुरू असलेले डिव्हाइस एन्क्रिप्शनही (एसएसडीवरचा मजकूर कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) आता बंद दिसत होते. माझ्या एसएसडीवरचा सगळा मजकूर पासवर्ड वापरून मोकळा करायचा, जुन्या एसएसडीवर त्याची हुबेहूब प्रत (क्लोन) काढायची, ती प्रत लॅपटॉपमध्ये बसवायची आणि मूळ वस्तू ठेवून घ्यायची, असा हा सरळ व्यवहार होता.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका ओळखीच्या कारागिराकडून माझ्यादेखत मशीन उघडून घेतले. आयसी बदलली की आजूबाजूला फ्लक्सचा (सोल्डरिंग करताना लावायच्या रसायनाचा) चिकट अंश किंवा सोल्डरिंगची काहीतरी खूण राहते. येथे बोर्डवर कारखान्यातून आल्यापासूनची धूळ तशीच बसलेली होती. बदललेली होती ती एक रॅमची पट्टी, तीही वापरलेली. म्हणजे मूळ दोष रॅमचाच होता, तो दुकानदाराला बरोबर सापडला होता, आणि दोन-अडीच हजारांत मिटणाऱ्या कामावर त्याने बोर्डाचे पैसे आणि एसएसडी अशी दुहेरी कमाई केली.

दोन्ही स्क्रीनशॉटच्या छापील प्रती घेऊन दुकानात गेलो, तेव्हा आधी "क्लोनिंगमध्ये नंबर बदलतो" असे सांगण्यात आले. हे धादांत खोटे आहे. सिरीयल नंबर वस्तूचा असतो, तिच्यावरच्या मजकुराचा नसतो. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि तिचा क्रमांक दुकानदाराला पाठवला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये बिल न देणे हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा म्हणून नमूद आहे, हे त्याच संदेशात लिहिले. वाद घालण्यापेक्षा हे एक वाक्य अधिक लागू पडले. बिल नसले तरी यूपीआयची नोंद, ती चिठ्ठी आणि व्हॉट्सॲपवरचे त्याचे "बोर्ड रेडी आहे" हे शब्द पुरावा म्हणून हाताशी होतेच. त्याने एसएसडी परत केली; पैसे अजून दिलेले नाहीत.

ज्यांना लॅपटॉप दुरुस्तीला द्यायचा आहे त्यांनी एसएसडी आणि रॅमचे सिरीयल नंबर आधी टिपून ते पोचपावतीवर लिहून घ्यावेत, आणि काढलेला प्रत्येक भाग परत मागावा. शक्य असेल तर एसएसडी काढून घरीच ठेवावी; रॅम, बोर्ड किंवा पंखा तपासायला तुमच्या मजकुराची गरज नसते. आणि एसएसडी आतच ठेवणे भाग असेल, तर मजकुराचा बॅकअप घेऊन ती पुसून द्यावी, म्हणजे पासवर्ड सांगण्याचा प्रश्नच उरत नाही.

ही शेवटची गोष्ट मी इतक्या आग्रहाने सांगतो त्याला कारण आहे. परत आलेली एसएसडी तपासली तेव्हा सिरीयल नंबर माझाच होता, मजकूर पुसलेला होता आणि चाललेले तास २,९०० च्या पुढे गेले होते. माझ्या मशीनबाहेर असताना ती दुसऱ्या कोणाच्या तरी मशीनमध्ये तीनशे तास चालली होती. तिच्यावर आधार, पॅन, बँकेची स्टेटमेंट, आयकराची विवरणपत्रे आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड होते. सगळे पासवर्ड बदलले, आधारची बायोमेट्रिक्स लॉक केली, बँकेला लेखी कळवले. जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. तेथे तक्रार दाखल केली असून तिच्यात नुकसानभरपाईची पहिली मागणी त्या तीनशे तासांसाठी आहे, ११,५०० रुपयांचा क्रमांक त्यानंतरचा आहे.