दोन टीबीची डिस्क आणि दादांच्या कॅसेटी

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा गावभागातल्या आमच्या घरात दादांचं कॅसेटींचं कपाट बुडालं. माळ्यावर ठेवलेल्या 90 कॅसेटी तेवढ्या वाचल्या. दादा म्हणजे माझे वडील. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाची संगीतसभा असली की ते टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसायचे. गवई समेवर आला की त्यांचं दबक्या आवाजातलं ‘वा!’ त्या टेपांत ऐकू यायचं. मी त्या एकेक करून लॅपटॉपवर उतरवल्या आणि मग बुरशी धरायला लागलेल्या त्या कॅसेटीही भंगारात दिल्या.

हे सगळं घरच्या जुन्या ॲम्प्लिफायरवर वाजावं म्हणून म्युझिक सर्व्हरच्या, म्हणजे गाण्यांच्या फाइली साठवून वाजवणाऱ्या यंत्राच्या, शोधात होतो. ओळखीतून एक माणूस घरी आला. ॲल्युमिनियमचा जड डबा, ‘इम्पोर्टेड’, आत 2 टीबीची एसएसडी डिस्क आणि 24 बिट, 192 किलोहर्ट्झची, म्हणजे सीडीहूनही वरच्या दर्जाची ‘हाय-रेझ’, चार-पाचशे गाणी भरलेली. किंमत 72 हजार. त्याने आधी माझ्या सीडी प्लेअरवर एक गाणं लावलं, मग तेच डब्यातून. डब्यातलं खरंच भरदार वाटलं. आज कळतं की त्याने आवाज किंचित वाढवला होता. थोडं मोठ्याने वाजलेलं कानाला बहुधा चांगलंच वाटतं.

“काका, पक्कं बिल हवं तर 18 टक्के वर पडतील. तुम्ही घरचे, कशाला?” असं म्हणाला, आणि मी 50 हजार यूपीआयने व बाकीचे रोख दिले. लॅपटॉपची जागा भरत आली होती, म्हणून दादांची सगळी ध्वनिमुद्रणं कट-पेस्ट करून डब्यात टाकली.

महिन्याभराने उरुसाची एक टेप लावायला गेलो. यादीत नाव होतं, तारीख होती. बटण दाबलं की क्षणभर शांतता, आणि गाडी पुढच्या गाण्यावर. दुसरी लावली, तेच. तिसरी, तेच. त्या माणसाचा फोन बंद.

भाची इलेक्ट्रॉनिक्स शिकते. तिने पेचकसने डबा उघडला. “मामा, हे बघा.” आत रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा स्वस्त कॉम्प्युटर, त्यावर व्हॉल्युमिओ हे गाणी वाजवायचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. एसएसडीच्या खोक्यात गोंदाने चिकटवलेलं नखाएवढं 64 जीबीचं मेमरी कार्ड आणि वजनाला लोखंडाची पट्टी. कार्डाची यंत्रणा अशी बदललेली की कॉम्प्युटरला ते 2 टीबी आहे असं सांगतं. खरी जागा संपली की पुढचं नुसतं लिहिल्यासारखं दाखवतं. नाव उरतं, आवाज जातो. लॅपटॉपवर तोवर दुसरं बरंच काही चढलं होतं, तिथूनही काही निघालं नाही. भाचीने 90 पैकी 34 वाचवल्या. बाकीच्या 56 गेल्या.

रास्पबेरी पायमध्ये वाईट काही नाही. सर्व्हरने फाइल जशीच्या तशी डॅककडे, म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणाऱ्या यंत्राकडे, पोचवायची असते, ते काम तो चोख करतो. भाचीने मला नंतर डॅकसकट तशीच जुळणी 14 हजारांत करून दिली, आणि ती चांगली वाजते.

ती ‘हाय-रेझ’ गाणी आम्ही स्पेक नावाच्या, आवाजातल्या कंपनांचं चित्र दाखवणाऱ्या फुकट प्रोग्रॅममध्ये टाकून पाहिली. सीडीतल्या आवाजाची मर्यादा 22 हजार हर्ट्झच्या आसपास असते. इथे 16 हजारांच्या वर सरळ काळी पट्टी होती. म्हणजे 128 केबीपीएसच्या, आवाज गाळून लहान केलेल्या एमपीथ्री फुगवून फ्लॅक (काही न गाळणारा फाइलप्रकार) केलेल्या. एमपीथ्री करताना जे गळालं ते फ्लॅक करून परत येत नाही, फाइल मात्र कितीतरी पट मोठी होते. त्यात मिरजेत राहिलेले किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब यांचं ‘स्टुडिओ मास्टर’ही, म्हणजे म्हणे स्टुडिओतल्या मूळ ध्वनिमुद्रणाची प्रत, होतं! खाँसाहेब 1937 साली गेले. त्यांचं गाणं मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवर आहे, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. मिरज इथून हाकेच्या अंतरावर असताना ही थाप मी ऐकून घेतली, याचा मला फार त्रास होतो.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगातही अर्ज दिला आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. पक्कं बिल नसल्याने माझ्याकडे पुरावा एवढाच, यूपीआयची नोंद आणि त्याचे मेसेज. पक्क्या बिलाशिवाय एक रुपयाही देऊ नका.

तो डबा चंदेरी आहे, पुढे गोल निळा दिवा, मागे कंपनीचं नाव कुठेच नाही, खालचे चार स्क्रू लाखेने बुजवलेले. सांगली, मिरज, कुपवाडकडे असा डबा कुणी दाखवायला आणला तर त्याच्यासमोरच ती लाख खरवडायला सांगा. डिस्क घेतलीत तर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू (H2testw) या डिस्कची खरी जागा तपासणाऱ्या प्रोग्रॅमने ती पूर्ण भरून तपासा, त्याला एक-दोन दिवस लागले तरी लागू द्या. आणि तोवर मूळ फाइल जिथे आहे तिथून हलवू नका.